सुरतेतला डोंगर

सुरतेत डोंगर नाही. हे एवढं वाक्य मी एका माणसाला दहा वर्षं सांगत होते. तोंडी सांगितलं, लेखी सांगितलं, लाल पेन्सिलीनं समासात सांगितलं, एकदा रागाच्या भरात शिक्षकखोलीतल्या फळ्यावर लिहून सांगितलं. त्या माणसानं दर वेळी ते शांतपणे ऐकून घेतलं, तोंडातली लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सारली आणि म्हटलं, "आत्ता नाही, बाई. होता."

आमच्या मराठी शाळेत ते इतिहास शिकवायचे. मुलं त्यांना किल्लेदार सर म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते या नावालाही ओ देत. चौसष्ट साली नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून मी सुरतेला आले, त्या शाळेत मराठी शिकवू लागले आणि नानपुऱ्यात नेमकं त्यांच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं. त्यामुळे शाळेत आणि शाळा सुटल्यावरही त्यांच्यापासून सुटका नव्हती. त्यात मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचं संपादन माझ्या गळ्यात पडलं, कारण प्रुफं वाचायला मंडळात दुसरं कोणी तयार नव्हतं. मग दर वर्षी श्रावणात सर आपला लेख घेऊन माझ्या दारात उभे राहू लागले. लेखाचं नाव 'सुरतेचा गड'. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेला, दोऱ्यानं शिवलेला. तो एकदा छापलेला बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही त्यांनी माझ्याकडे कधी मागितलं नाही. आणि मी तो छापला नाही.

सुरतेचा किल्ला तापीच्या काठावर आहे. चौकातून चालत गेलं की जाड भिंत आणि गोल बुरूज दिसतात. आत तेव्हा सरकारी कचेऱ्या होत्या, आणि दाखले काढायला आलेली माणसं बुरुजाच्या सावलीत बसलेली असत. समुद्रातून खाडीनं वर येणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला तो बांधला. भोवती खंदक होता आणि खंदकात नदीचं पाणी खेळायचं. हे सगळं सरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. फक्त त्यांचं म्हणणं असं की हा किल्ला एका डोंगराच्या माथ्यावर होता.

हा डोंगर कुठून आला ते सांगायला हवं. सरांच्या शेजारी भानुभाई राहत. त्यांचं जरीचं काम होतं. त्यांची म्हातारी आई, जिला गल्लीत सगळे माजी म्हणत, एकदा सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाली, "गढ पासे शाक सारुं मले." गढाजवळ भाजी चांगली मिळते. काकूंनी पिशवी उचलली. सरांनी वही उचलली.

"भुईवर असतो तो कोट," दुसऱ्या दिवशी ते मला मधल्या सुट्टीत समजावत होते. "पाण्यात असतो तो जंजिरा. डोंगरावर असतो तो गड. माजी कोट म्हणाल्या का? नाही. किल्ला म्हणाल्या का? नाही. गढ म्हणाल्या."

"सर, त्या गुजरातीत म्हणाल्या."

"शब्द कुठल्या भाषेत का असेना, त्याला डोंगर लागतोच."

ही चूक मराठी माणसानं सुरतेत राहूनच करावी. दुसरीकडे कुठे ती घडलीच नसती. संध्याकाळी भानुभाईंनी ओट्यावर बसून ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला. "साहेब, अमारे तो गढ एटले कोट," ते म्हणाले. "गामने फरतो होय एने पण गढ कहीए. एमां डुंगर क्यांथी आव्यो?" गावाभोवतीचा तटही त्यांच्या भाषेत गढच.

"तमे भूली गया, भानुभाई," सर म्हणाले. "माजी नथी भूल्या."

भानुभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. माजी आत वाल सोलत होत्या. आपण काय करून ठेवलंय याची त्यांना कल्पनाही नव्हती.

तेव्हापासून सर किल्ल्याकडे जाताना पुढे झुकून चालू लागले. खरंच सांगते. चौक आला की त्यांची पाठ वाके, पावलं आखूड पडत, एक हात गुडघ्यावर जाई. रस्ता ताटासारखा सपाट. शेजारून सायकली, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल ताठ जायचे आणि हा एकटा माणूस चढ चढत असायचा. येताना मागे रेलून, टाचा रोवत, उतरायचा. बोलतानाही किल्ल्याला 'वर' म्हणायचं अशी त्यांनी घरात सवय लावली. त्यातून एकदा मंडळाचे चिटणीस वर्गणी घ्यायला आले आणि सर कुठे म्हणून विचारलं, तर पोळ्या लाटता लाटता काकू म्हणाल्या, "ते वर गेलेत." चिटणीसांनी चपला काढल्या, टोपी काढली आणि खाली बसून हलक्या आवाजात विचारलं, "कधी?" "मघाशी चहा पिऊन," काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून काकूंनी तो शब्द सोडला. पण बाकीचं तसंच राहिलं. स्वयंपाकघराला सर बालेकिल्ला म्हणत, पुढच्या ओट्याला माची. काकू मला सांगायच्या, "तुझ्या सरांना म्हणावं, बालेकिल्ल्यात घासलेट संपलंय, तेवढं माचीवरून उठून बघा."

दर वर्षी आठवीचा वर्ग ते किल्ला दाखवायला नेत आणि सोबत एक शिक्षिका हवी म्हणून मला नेत. मुलांत निम्मी खानदेशातून आलेल्या कामगारांची, वडील यंत्रमागावर, घरी अहिराणी. चौकात आल्यावर सर थांबायचे. "आता चढण सुरू झाली," ते सांगायचे. "जाणवते का?" मुलं सोशिक होती. "जाणवते, सर." "दम लागतोय का?" "लागतोय, सर." एका वर्षी एक धीट मुलगी म्हणाली, "सर, पन डोंगर कोठे शे?"

"तू त्याच्यावर उभी आहेस," सर म्हणाले.

तिनं आधी एक पाय उचलून बघितला, मग दुसरा. वर्ग हसला. सर हसले नाहीत. मला मात्र परीक्षेच्या वेळी तीस उत्तरपत्रिकांत 'सुरतेचा किल्ला डोंगरावर असून' हे वाक्य वाचावं लागलं. इतिहासाचे पेपर तपासायला त्यांना मदत करण्याचं कामही माझ्याकडेच होतं. मी तीस वेळा ते खोडलं. त्यांनी तीस वेळा माझी खोडणी खोडली.

त्यांना डोंगर का हवा होता, याचं एक कारण मला पुढे समजलं. भानुभाई थट्टेनं म्हणायचे, "पहेलां तमे लोको लूटवा आवेला, हवे भणाववा आव्या." आधी लुटायला आलात, आता शिकवायला. सर हसून सोडून द्यायचे, पण पुस्तकात लिहिलेलं एक त्यांना खुपत होतं. महाराज सुरतेवर आले, पण किल्ला त्यांच्या हाती आला नाही. ते म्हणायचे, "भुईवरचा किल्ला महाराजांनी असा सोडला असता का? डोंगर होता, बाई. आणि हाताशी वेळ नव्हता."

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "सर, महाराजांनी जन्मभर डोंगरावरचेच किल्ले घेतले. डोंगर असता तर त्यांना सोपंच गेलं असतं."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "तुमचा मुद्दा बरोबर आहे. तो परिच्छेद मी काढला." आणि नवा लेख टेबलावर ठेवला. परिच्छेद काढला होता. डोंगर तसाच होता.

माझी प्रत्येक हरकत त्यांना मान्य असायची, हेच सगळ्यात वाईट होतं. नाकारली असती तर भांडता आलं असतं. पहिल्या लेखात डोंगर दोनशे हात उंच होता. मी समासात लिहिलं, खंदकात नदीचं पाणी यायचं, पाणी दोनशे हात चढतं का? पुढच्या श्रावणात लेख आला: खंदक पायथ्याशी असावा, डोंगर सव्वाशे हात. मी लिहिलं, इतक्या वरून तोफ डागली तर गोळा जहाजाच्या डोक्यावरून पलीकडच्या काठाला, रांदेरला जाईल. त्याच्या पुढच्या श्रावणात डोंगर ऐंशी हात. कडोदऱ्याच्या रस्त्याला कुठे विहीर खणताहेत असं कळलं की रविवारी सायकल मारत तिथं जायचे, कमरेला बांधलेली हात-हाताला गाठ मारलेली दोरी आत सोडायचे आणि खडक लागला का ते बघायचे. खडक कधीच लागला नाही. आल्यावर ते स्वतःच सांगायचे, "नाही लागला." आणि लेखात एक ओळ प्रामाणिकपणे वाढायची: आसपास खडक आढळत नाही. मग मी म्हणायचे, "मग झालं तर." ते म्हणायचे, "काय झालं?"

लेख परत करायला मी नाना कारणं शोधली. त्यातलं एक खरं होतं. आमचा अंक एका गुजराती छापखान्यात छापला जाई. त्यांच्याकडे देवनागरी खिळे होते, पण हिंदीच्या कामासाठी घेतलेले, त्यामुळे 'ळ' मोजकेच. सरांच्या लेखात पुढे 'गाळ' हा शब्द आला आणि पानापानावर आला. "तुमच्या गाळानं छापखान्यातले सगळे ळ संपतील," मी म्हटलं. "मग बाकीच्यांनी केळी, सकाळ, बाळ काही लिहायचंच नाही का?"

"बाकीच्यांना काय लिहायचंय एवढं?" ते म्हणाले. हे मात्र खरं होतं.

हा गाळ कसा आला, तर पुरामुळे. अडुसष्टच्या पावसाळ्यात तापी गल्लीत शिरली. सकाळी पायरीला पाणी होतं, दुपारपर्यंत कमरेला. गल्लीतला जो तो आपापलं सामान वरच्या मजल्यावर नेत होता. भानुभाई जरीच्या फिरक्या डोक्यावर घेऊन जिना चढत होते, माजींना दोघांनी खुर्चीत बसवून वर नेलं होतं. आमच्या माडीवर काकू, पाच-सहा शेजारणी आणि गव्हाचे डबे. सरांचा पत्ता नाही. खिडकीतून बघितलं तर हे धोतर खोचून, एका हातात गेरूचा खडा आणि दुसऱ्या हातात गाठींची दोरी घेऊन, गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर पाण्याच्या रेषेला खूण करत चालले होते.

"अहो," काकूंनी वरून हाक मारली, "पीठ भिजलं सगळं."

"पीठ परत मिळेल," ते खालून म्हणाले. "ही रेघ परत मिळायची नाही."

त्यांचं म्हणणं मी नंतर समजून घेतलं. पाण्यासारखं सपाटी दाखवणारं दुसरं साधन नाही. सगळीकडे पाण्याची पातळी एकच, तेव्हा कुठे किती बुडालं ते मोजलं की जमीन कुठे उंच, कुठे खोल ते आपोआप कळतं. असा पूर पुन्हा कधी येणार? म्हणून ते खुणा करत किल्ल्याकडे निघाले. भानुभाईंना कळलं तेव्हा ते फिरक्या टाकून मागे धावले आणि चौकाच्या अलीकडे, पाण्याला ओढ लागलेली होती तिथं, त्यांनी सरांना धोतराला धरून मागे खेचलं. "मरवुं छे?" भानुभाई ओरडत होते. मी त्यांना ओरडताना तेवढंच एकदा ऐकलं.

परत आले तेव्हा सरांचे ओठ निळे पडले होते. काकूंनी त्यांच्या अंगावर गोधडी टाकली. मी मात्र विचारलंच. "काय निघालं मापात?"

"आपल्या गल्लीत कमरेइतकं," ते म्हणाले. "चौकाच्या अलीकडे छातीइतकं."

"म्हणजे किल्ल्याकडची जमीन आपल्या गल्लीहून खोल."

"हो," ते म्हणाले. "खोल आहे."

त्या क्षणी मला वाटलं, सुटले. एवढा चिखल, एवढं नुकसान, पण निदान हा डोंगर तरी वाहून गेला. पाणी ओसरलं. उंबऱ्यावर, ओट्यावर, बालेकिल्ल्यात सगळीकडे गुळगुळीत काळा गाळ. काकू आणि मी खराट्यानं तो ओढत होतो आणि सर उकिडवे बसून त्यात बोट खुपसून बघत होते.

"चार बोटं," ते म्हणाले. "एका पुरात चार बोटं. असे किती पूर आले असतील, बाई? डोंगर पडला नाही. भोवतालची जमीन वर आली. डोंगर गाळात बुडाला."

मी खराटा खाली ठेवला. "सर, गाळ जसा गल्लीत साचतो तसा किल्ल्यातही साचणार. तोही तेवढाच वर यायला हवा."

त्यांनी क्षणभरच विचार केला. "गडावर झाडू मारणारे होते," ते म्हणाले.

काकू तिथेच खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पीठ गेलं होतं, गाद्या गेल्या होत्या, लग्नातला शालू गेला होता. पुरानंतर त्या पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा. मी हसले नाही. मी इतकी चिडले होते की महिनाभर त्यांच्या घरी गेले नाही.

त्या वर्षी डोंगर चाळीस हातांवर आला. पुढे पंचवीस, पुढे सोळा. ते निवृत्त झाले तेव्हा तो नऊ हात होता, म्हणजे आमच्या माडीपेक्षाही बुटका. मला कीव यावी अशा रीतीनं ते लेख पुढे करायचे आणि मला कीव यायची नाही. मुलांपुढे, वाचकांपुढे खोटं जाऊ नये, असं मी स्वतःला सांगायचे. आमचा अंक दीडशे घरांत जायचा, आणि बहुतेक घरांत त्यातली फक्त पाककृती वाचली जायची.

पंचाहत्तरच्या श्रावणात लेख आला नाही. मी आठ दिवस वाट बघितली आणि मग त्यांच्या घरी गेले. ते बरेच दिवस आजारी होते. पुढच्या खोलीत खाटेवर पडून होते, उशाला लवंगांची डबी.

"यंदा लेख नाही?" मी विचारलं.

"आता उरलंय किती?" ते म्हणाले. "तुम्ही दर वर्षी खणत आलात." त्यात तक्रार नव्हती. मुलाचा पाढा चुकल्यावर सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, की ते सुरतेला पहिल्यांदा आले ते कधी. मला त्यांचं गाव माहीत होतं, साताऱ्याकडचं, डोंगराच्या कुशीतलं, पण त्याबद्दल ते कधी बोलले नव्हते.

"बाविसाव्या वर्षी," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून मला इथं उभं राहता यायचं नाही, बाई. नजर जायची आणि जातच राहायची. टेकायला काही नाही. गावी दार उघडलं की डोंगर असायचा. इथं दार उघडलं की नुसतंच उघडं." त्यांनी उशाची डबी चाचपली. "मग इतक्या वर्षांनी माजी भाजीचं बोलल्या."

मी घरी आले. दहा वर्षं मी ज्याला इतिहास समजून लाल पेन्सिल चालवत होते, त्याबद्दल आता काय वाटून घ्यावं ते मला कळेना. रागच जास्त आला. हे त्यांनी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

दिवाळीआधी तीन आठवडे सर गेले. तेराव्यानंतर काकू आमच्याकडे आल्या आणि दोऱ्यानं शिवलेला लेख माझ्यापुढे ठेवला.

"आजारातच लिहीत होते. तुला द्यायचा धीर झाला नाही त्यांचा," त्या म्हणाल्या. "छापायचा तर छाप. नाहीतर परत दे, मी मिठाच्या बरणीखाली घालीन."

लेख नीट होता. माझी प्रत्येक हरकत त्यात उतरवली होती: खंदक, तोफ, खडक, पुरातल्या खुणा, चौकातलं छातीइतकं पाणी. आमच्या भागाच्या जमिनीबद्दल इतकं खरं कोणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. शेवटी एक वाक्य होतं: 'तरी माझ्या मते हा किल्ला ज्या डोंगरावर होता त्याची उंची हात होती.' 'उंची' आणि 'हात' यांच्यामध्ये बोटभर कोरी जागा. आकडा त्यांनी लिहिलाच नव्हता.

मी लेख छापखान्यात दिला. 'ळ'साठी कंपोझिटरनं दोन दिवस इकडून तिकडून खिळे मागवले, तक्रार न करता. शेवटच्या ओळीपाशी मात्र त्यानं मला बोलावलं. म्हातारा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, मराठी न कळता मराठी अचूक जुळवणारा माणूस. त्यानं त्या जागेवर बोट ठेवलं.

"बेन, आ जग्या खाली राखुं?"

त्याच्या भाषेत खाली म्हणजे रिकामी. ते मला नीट ठाऊक होतं, इतकी वर्षं मी सुरतेत होते. पण कानावर शब्द पडला तो मराठीतला. अजून खाली ठेवू का, असं कोणी तरी मला विचारत होतं.

"ना," मी म्हटलं. त्याच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि त्या जागेत 'पन्नास' लिहिलं.

संध्याकाळी प्रूफ आलं. ती ओळ मी दोनदा तपासली, चूक राहू नये म्हणून.